स्वस्तातला एमके-टू आणि त्याची बडदास्त

निकाल आधीच सांगून टाकतो. मालवण, गोवा आणि फार तर मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी एवढंच ज्याचं पाण्याखालचं जग आहे, त्यानं महागड्या रेग्युलेटरच्या, म्हणजे स्कूबाच्या सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणाऱ्या यंत्राच्या, नादाला लागू नये. माझ्याकडे स्क्युबाप्रोचा एमके-टू इव्हो हा फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा भाग) आणि आर०९५ हा सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) असा जोड आहे, तोही वापरलेला घेतलेला. मी त्यावर खूश आहे. खरं, त्याचं श्रेय मी कंपनीच्या नावाला कमी देतो आणि दोन गोष्टींना जास्त. एक म्हणजे त्याची रचना अगदी बाळबोध आहे. दुसरी म्हणजे त्याची सर्व्हिस करणारा माणूस चोर्ला घाट उतरला की गोव्यात भेटतो. बेळगावात बसून डायव्हिंगचा शौक करणाऱ्याला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही मोठी.

मी उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर दाब, गळती, सीट, स्पूल, ओ-रिंग हेच. त्यामुळे स्कूबाचा कोर्स करताना बाकीचे मासे बघत होते तेव्हा माझं लक्ष सिलिंडरच्या गळ्यावर बसवलेल्या त्या पितळी गोळ्याकडे होतं. घरी पार्सल उघडलं तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "रेग्युलेटर आणलास म्हणे? आमचा पण बदलायचाय, गॅस एजन्सीत किती घेतात रे?" त्यांना किंमत सांगितल्यावर त्यांनी माझ्या बायकोकडे ज्या नजरेनं पाहिलं ते जाऊ दे.

तसं पाहिलं तर काकूंचं फार चुकलेलं नाही. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर सिलिंडरचा दाब उतरवून बर्नरला सुमारे ३० मिलिबारनं गॅस देतो. आमचा रेग्युलेटरही दाबच उतरवतो, फक्त दोन टप्प्यांत आणि मागणीनुसार. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार असतात. फर्स्ट स्टेज ते आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो. हा मधला दाब होजमधून तोंडातल्या सेकंड स्टेजपर्यंत येतो. तुम्ही श्वास ओढला की तिथला पडदा आत खेचला जातो, पडदा तरफ दाबतो, तरफ छोटा व्हॉल्व्ह उघडते आणि त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा तोंडात येते. श्वास सोडला की व्हॉल्व्ह बंद, वापरलेली हवा रबरी झडपेतून बाहेर. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी कुस्तो आणि इंजिनिअर गान्यां या जोडीनं हे यंत्र जमवलं तेव्हा त्यांच्या हाताशी होता तो युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गॅसवर चालवायच्या मोटारींसाठीचा व्हॉल्व्ह. म्हणजे घराणं काकूंच्या रेग्युलेटरचंच.

आता बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड. दुकानदार इथंच गिऱ्हाईक पकडतात. एमके-टू अनबॅलन्स्ड पिस्टन आहे. आत हलणारा भाग एकच, पिस्टन. सिलिंडरचा दाब त्या पिस्टनच्या टोकावरच्या सीटला (हवेची वाट बंद करणाऱ्या गादीला) उघडायच्या दिशेनं ढकलत असतो, त्यामुळे सिलिंडर भरलेला असताना मधला दाब किंचित जास्त राहतो आणि सिलिंडर रिकामा होत गेला की थोडा उतरतो. परिणाम एवढाच की शेवटी शेवटी श्वास ओढायला जरा जोर लागतो. बॅलन्स्ड रेग्युलेटरमध्ये, मग तो स्क्युबाप्रोचाच एमके-२५ असो की एपेक्सचा डायफ्रामवाला (पिस्टनऐवजी लवचीक पडद्याचा), सिलिंडरच्या दाबाचा हा हिशेब रचनेतच काढून टाकलेला असतो. पहिला श्वास आणि शेवटचा श्वास सारखाच. छान गोष्ट आहे. खरं, ती छान गोष्ट कुठं लागते ते बघूया.

ओपन वॉटर या नवशिक्यांच्या कोर्सची मर्यादा १८ मीटर. तिथं दाब २.८ बार. साधा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरलं तर तिथं ५६ लिटर लागते. आपल्याकडे मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा; २०० बारला त्यात २,२२० लिटर हवा. ५० बार राखून वर यायचं म्हटलं तर हाताशी राहिली १,६६५ लिटर, म्हणजे तळाशी जेमतेम अर्धा तास. मालवणच्या बाजूला तर याच्या निम्म्या खोलीतच बरंचसं डायव्हिंग होतं. ५० बारला तुम्ही बोटीकडे निघालेलेच असता. जिथं अनबॅलन्स्ड रेग्युलेटर खरोखर कष्ट द्यायला लागतो ती जागा म्हणजे जास्त खोली, जवळजवळ रिकामा सिलिंडर आणि एकाच फर्स्ट स्टेजवर दोघं धापा टाकतायत अशी. हे तिन्ही एकदम घडू नये यासाठीच तर कोर्समध्ये गेज बघायला शिकवतात.

थंड पाण्याचंही तेच. युरोपच्या ईएन २५० मानकात रेग्युलेटर ५० मीटरच्या दाबाला, सिलिंडरमध्ये फक्त ५० बार असताना, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासाच्या गतीनं तपासतात. साधे, स्वस्तातले रेग्युलेटरही ही परीक्षा देऊनच बाजारात येतात. थंड पाण्याची वेगळी चाचणी न दिलेल्यांवर '१० अंशांपेक्षा जास्त' अशी खूण असते. आपल्या किनाऱ्यावर पाणी पंचवीसच्या वरच असतं. बर्फात गोठू नये म्हणून केलेल्या सोयींसाठी बेळगावच्या माणसानं जादा पैसे कशाला मोजायचे? (एमके-टू इव्होला थंडीसाठीची काही सोय फुकटात मिळालीय, ती मला कधी उपयोगी पडेल असं वाटत नाही. आंबोलीच्या धबधब्याखाली उभा राहिलो तर गोष्ट वेगळी.)

आणि एक कटू गोष्ट दुकानदार सांगणार नाहीत म्हणून मीच सांगतो. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यानं रेग्युलेटर घेऊच नये. आपल्याकडच्या डाइव्ह सेंटरांच्या दरात साहित्य धरलेलं असतं. स्वतःचं आणलं म्हणून कुणी फार सूट देत नाही. पैसे असतील तर आधी चेहऱ्याला बसणारा मास्क घ्यावा, मग डाइव्ह कॉम्प्युटर. रेग्युलेटरचा नंबर तिसरा. मी घेतला तो हौसेनं, आणि दुसऱ्याच्या तोंडातला माउथपीस मला सोसत नाही म्हणून. पैसे वाचवण्यासाठी घेतला असं म्हटलं तर घरी कुणाचा विश्वास बसणार नाही.

वापरलेला सेट घेताना मी दोन ठिकाणी गेलो. पहिला एका हौशी गृहस्थांकडचा होता, चकचकीत, 'दोनदाच वापरलाय' या प्रसिद्ध वाक्यासह. फर्स्ट स्टेजचं धूळझाकण काढून टॉर्च मारला. तोंडाशी एक छोटी सिंटर्ड गाळणी असते, दाबून घट्ट केलेल्या धातूच्या कणांची. ती सारखी करडी-चंदेरी दिसली पाहिजे. यांची हिरवट होती. हिरवं म्हणजे समुद्राचं पाणी आत गेलंय आणि पितळ खायला सुरुवात झालीय. तांबूस-तपकिरी दिसली तर लोखंडी सिलिंडरचा गंज, काळी भुकटी दिसली तर कॉम्प्रेसरच्या गाळणीतला कोळसा किंवा ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधली घाण. मग होजच्या टोकावरची रबरी टोपणं मागं सरकवली. ही टोपणं होज वाकू नये म्हणून असतात, खरं ती लपवतात जास्त. खाली फिटिंगवर हिरवी पूड आणि रबराला बारीक चिरा. चहा घेतला, नमस्कार केला, निघालो.

दुसरा पणजीजवळ, काम सोडून गावी परतणाऱ्या एका डाइव्ह मास्टरकडचा. दिसायला थकलेला, क्रोम ठिकठिकाणी घासलेलं. गाळणी मात्र स्वच्छ, होजच्या मुळाशी पितळ पिवळंधमक आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हिसच्या पावत्यांचा गठ्ठा. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, पिवळ्या होजचा ऑक्टोपस (अडचणीत सोबत्याला द्यायचा जादा सेकंड स्टेज) आणि गेज मिळून बावीस हजार. नव्याचे मला सांगितलेले भाव याच्या दुपटीच्या आसपास होते. घेतला, आणि पाण्यात उतरण्याआधी सर्व्हिसला टाकला. वापरलेल्या रेग्युलेटरच्या किमतीत पहिली सर्व्हिस धरायचीच. विकणारा देवमाणूस असला तरी धरायची.

ऑनलाइन बाजारात निनावी कंपन्यांचे यापेक्षाही स्वस्त नवे रेग्युलेटर दिसतात. चित्रात सगळे सारखेच. मी विक्रेत्याला एकच प्रश्न लिहून विचारला: याचा सर्व्हिस किट कुठं मिळतो? उत्तर आलं, "वॉरंटी सहा महिने." मिटला विषय. ज्याची सीट आणि ओ-रिंगा उद्या मिळणार नाहीत तो व्हॉल्व्ह फुकटसुद्धा महागच.

जोडणीचा एक घोळ नवख्यांचा होतो. सिलिंडरला बसायची पद्धत दोन, योक आणि डिन. योक म्हणजे वरून कवळ घालून मागचा स्क्रू आवळायचा. डिन म्हणजे रेग्युलेटर आट्यांनी व्हॉल्व्हच्या आत बसतो, ओ-रिंग आत बंदिस्त राहते. यंत्राचा माणूस म्हणून मला डिनच आवडतो, त्यात वाद नाही. खरं, माझ्या नेहमीच्या सेंटरांत सिलिंडर योकचे, म्हणून मी योक घेतला. काही व्हॉल्व्हमधला मधला तुकडा ॲलन कीनं काढला की डिन बसतो, पण सकाळी सात वाजता हलत्या बोटीवर ती की कुणाकडं असेल याची खात्री नको बाळगायला.

ऑक्टोपस स्वस्तातला चालतो, पण कुठल्याही फर्स्ट स्टेजला कुठलाही डकवू नये. मधल्या दाबाशी त्याचा मेळ बसवून घ्यायला हवा, नाहीतर तो पाण्यात आपसूक फुरफुरत राहतो. होज मी साधे रबरीच ठेवलेत. वेणीच्या कापडी आवरणाचे होज हलके आणि लवचीक असतात, दिसायलाही झोकदार. खरं, त्यांच्यातल्या काहींच्या आतल्या अस्तरापासून स्फटिक तयार होऊन हवेची वाट अडल्याचे प्रकार नोंदले गेलेत. रबर म्हातारं झालं की बाहेरून चिरा पडून सांगतं. मला सांगणारी वस्तू बरी वाटते.

आता बडदास्त, ज्यासाठी हा सगळा प्रपंच.

समुद्राचं पाणी वाळू द्यायचं नाही, हे पहिलं. मीठ वाळलं की त्याचे कण होतात, आणि पुढच्या वेळी दाब आला की तेच कण ओ-रिंग आणि सीटला घासतात. मालवणहून बेळगावला पोचेपर्यंत, मधे सावंतवाडीत जेवण आणि आंबोलीत चहा झाला की, सगळं वाळून खडखडीत होतं. त्यामुळे पहिली धुलाई तिथल्या मुक्कामीच, बादली मागून घेऊन. घरी आल्यावर दुसरी, अर्धा तास कोमट पाण्यात. आई पहिल्यांदा न्हाणीत डोकावून म्हणाली, "काय भिजत घातलंयस बादलीत, मासे की कपडे?" आता ती स्वतःच बादली रिकामी करून ठेवते.

पाणी कुठलं, हेही आमच्या भागात विचारावं लागतं. कॉर्पोरेशनचं, राकसकोप किंवा हिडकलचं पाणी आलं असेल तर उत्तम. बोअरचं पाणी आमच्या गल्लीत इतकं जड आहे की गीझरची कॉइल पांढरी होते. तेच पाणी रेग्युलेटरवर वाळलं तर मीठ काढून चुना बसवल्यासारखं. म्हणून नळाचं पाणी साठवून ठेवतो आणि शेवटची धार त्याचीच मारतो.

भिजवायच्या आधी धूळझाकण कोरडं करून घट्ट बसवायचं. झाकणाच्या आत पाण्याचा एक थेंब असला तरी तो थेट गाळणीवर जाऊन बसतो. कापडानं पुसा, तोंडानं फुंका. बोटीवर बरेच जण सिलिंडरची हवा फर्रकन् सोडून झाकण वाळवतात. त्यात बाजूच्याच्या कानठळ्या बसतात आणि उडालेलं पाणी कधी कधी गाळणीतच जातं. दुसरं, रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला नसेल तर पाण्यात असताना पर्ज बटण (सेकंड स्टेजच्या तोंडावरचं, हातानं हवा सोडायचं) दाबायचं नाही. दाबलं की सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून वर, फर्स्ट स्टेजपर्यंत चढतं. धुताना सेकंड स्टेज फर्स्ट स्टेजपेक्षा खालीच ठेवायचा. माउथपीसमधून पाणी ओतून खालच्या झडपेनं बाहेर काढायचं, एवढंच.

एमके-टूच्या फर्स्ट स्टेजला बाजूनं भोकं आहेत, तिथून समुद्राचं पाणी स्प्रिंगपर्यंत जातं. त्यानंच तर पिस्टनला खोली कळते. पण मालवणचं पाणी गढूळ असलं की रेतीही तिथंच जाते. या भोकांतून नळाची बारीक धार सोडून बोटानं फिरवत धुवावं लागतं. पिस्टनवाल्यांचा हा खरा तोटा आहे. डायफ्रामवाल्यांत पडदा मधे असल्यानं आतली यंत्रणा पाण्यापासून लांब राहते. जो कायम गढूळ पाण्यात काम करतो, त्यानं माझं न ऐकता डायफ्राम घ्यावा.

सिलिकॉन स्प्रे, डब्ल्यूडी-४० असलं काही कशालाही मारायचं नाही. आणि कारखान्यातला एअर गन तर नाहीच नाही. उद्यमबागेत हातासरशी कॉम्प्रेसर असतो, वाळवायचा मोह होतो. त्या हवेत तेलाचा फवारा असतो. लेथवरचा जॉब त्यानं खुशाल फुंका. ज्यातून श्वास घ्यायचाय ते नको.

यावरून मामांची गोष्ट आठवली. मामा म्हणजे आमचे जुने फिटर, कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणतात. रेग्युलेटर कामावर नेला तेव्हा त्यांनी हातात घेऊन तोलला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "सर्व्हिसला पैसे कशाला घालूलालास? आण इकडं. जन्मभर असलेच व्हॉल्व्ह उघडूलालोय मी. दुपारपर्यंत ओ-रिंगा बदलून देतो."

मोह मलाही होता, नाही कशाला म्हणू. सत्तर शोअर कडकपणाच्या नायट्राइल ओ-रिंगांचे डबेच्या डबे आमच्या स्टोअरमध्ये आहेत. मापं जुळवणं अवघड नाही. मी मामांना त्याचं आतलं चित्र दाखवलं आणि म्हटलं, "मामा, उघडाल तुम्ही, बंदही कराल. तपासाल कशावर?" आमचा टेस्ट बेंच २१० बारपर्यंत जातो, पण तेलावर. रेग्युलेटर जुळवल्यावर त्याला आधी भरलेल्या आणि मग जवळजवळ रिकाम्या सिलिंडरच्या दाबाला, श्वासाच्या शुद्ध हवेवर चालवून मधला दाब बघावा लागतो. तो ठरल्या आकड्यावर येऊन थांबला पाहिजे. सरकत वर गेला तर सीट धरत नाही. सीटही आमच्या डब्यात नसते, ती कंपनीच्या किटमधूनच येते आणि किट प्रशिक्षण घेतलेल्या माणसालाच देतात. ओ-रिंग काढायला आम्ही स्क्रायबर वापरतो, तिथं त्यांना पितळी किंवा प्लास्टिकची काडी लागते, कारण खाचेत एक ओरखडा उठला की बॉडी बाद. आणि शेवटी, आमच्या व्हॉल्व्हमधून गळती झाली तर फरशीवर तेल सांडतं, उद्या बघू म्हणता येतं.

मामा ऐकत होते, पण त्यांची नजर चित्रातल्या पिस्टनवर होती. "एकच पार्ट हलतोय की," म्हणाले. "फिनिश पण बरी मागितलीय." मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "तो मधला दाब बघायला गेज कुठं लावतात?"

त्यातून माझ्या किटमधली सगळ्यात आवडती वस्तू निघाली. पाण्यात तरंगायचं जॅकेट फुगवायचा जो होज असतो त्याच्या टोकाला झटपट जोड असते. त्यात बसणारा निपल मामांनी नमुन्यावरून पितळेचा वळवून दिला आणि त्यावर मी ० ते १६ बारचा कॅलिब्रेट केलेला गेज बसवला. विकतही मिळतो असा गेज, पण त्याला मामांच्या हातची नर्लिंग (पकडीसाठीची खरबरीत नक्षी) नसते. सेंटरवर सिलिंडर जोडला की डाइव्हच्या आधी मिनिटभर हा गेज लावतो. सेकंड स्टेज जोडलेलाच ठेवायचा, कारण दाब बेसुमार चढलाच तर तो आपोआप उघडून हवा सोडतो. या जातीच्या व्हॉल्व्हची ही मोठी कृपा आहे, बिघडला तरी बहुधा हवा जास्त देऊन बिघडतो, अडवून नाही. पर्ज दोन-चारदा दाबून सोडायचा आणि काटा बघायचा. काटा खाली जाऊन परत जागेवर येऊन गप्प बसला पाहिजे. हळूहळू चढत राहिला तर त्या दिवशी सेंटरचा रेग्युलेटर घ्यायचा आणि आपला बॅगेत.

सिलिंडर नसतानाही घरी एक परीक्षा होते. धूळझाकण घट्ट लावून माउथपीसमधून हवा ओढा. काहीच येता कामा नये. ओठ खेचले जाऊन पोकळी टिकली पाहिजे. हवा आली तर बाहेर टाकायची झडप उलटलीय, पडदा फाटलाय किंवा केसाएवढी रेती अडकलीय. हीच गळती पाण्यात खारट घोट म्हणून कळते. माउथपीसची प्लास्टिकची पट्टी ओढून बघा आणि दातांची खूण फाटलीय का तेही. हे दोन रुपयांचं काम आहे आणि पाण्याखाली नुसता माउथपीस दातात राहून रेग्युलेटर हातात येणं हा अनुभव कुणालाच नको.

सेंटरवर बादली मिळाली तर आणखी एक: सिलिंडर उघडा ठेवून सेकंड स्टेज, माउथपीस वर करून, हळूहळू पाण्यात बुडवा. पडद्यावर अडीच ते चार सेंटिमीटर पाणी चढलं की हवा सुटली पाहिजे. फार आधी सुटली तर तो फार हलका जुळवलाय आणि फुरफुरणार. फार उशिरा सुटली तर तुम्हाला ओढायला लावणार. माझा आर०९५ यात मधोमध येतो. श्वास लोण्यासारखा वगैरे नाही, ओढला हे जाणवतं. महागड्या बॅलन्स्ड सेकंड स्टेजवर एकदा श्वास घेतलेला माणूस नाक मुरडेल. त्या माणसानं त्याचे पैसे त्यावर जरूर घालावेत.

बेळगावचा पावसाळा हा रेग्युलेटरचा वेगळा शत्रू. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, आणि इथं घरात चपलांनाही बुरशी. पहिल्या वर्षी ऐकलेला सल्ला म्हणजे हवाबंद डब्यात ठेवा. ओलावा आत राहिला तर हवाबंद डबा म्हणजे बुरशीचं माहेरच. मी चार दिवस पंख्याखाली सावलीत वाळवतो, मग होजची मोठी सैल गुंडाळी करून सुती पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. होज खिळ्याला लटकवायचे नाहीत, जोडापाशी मोडतात. माउथपीसला घट्ट कापड बांधतो, कारण झुरळांना सेकंड स्टेजमधली ती अंधारी खोली फार आवडते. हसू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या श्वासाला तोंडात काय आलं याच्या कथा बोटीवाल्यांना विचारा.

सर्व्हिस किती दिवसांनी, याचं उत्तर कंपनीप्रमाणे बदलतं. कुणी वर्षाचं म्हणतं, कुणी दोन वर्षांचं, सोबत डाइव्हची संख्या, शंभरच्या आसपास. तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाळा. न वापरलेल्या रेग्युलेटरची मुदत पुढं ढकलली जात नाही, कारण रबर कपाटातही म्हातारं होतंच. मला फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस मिळून, किट धरून, साडेसहा हजार पडले. बॅलन्स्ड डायफ्रामच्या किटमध्ये भाग जास्त, त्यामुळे तिथं बिल वाढतं. पाच-सहा वर्षांचा हिशेब मांडला की एमके-टूचा स्वस्तपणा खरेदीपेक्षा इथं जास्त दिसतो.

एक धडा मात्र कारखान्याचा. सर्व्हिसला देताना मी तीन गोष्टी आधीच ठरवून घेतो. काढलेले जुने भाग पिशवीत परत द्यायचे. मधला दाब भरलेल्या आणि रिकामा होत आलेल्या सिलिंडरवर किती आला ते दोन आकडे पावतीवर लिहायचे. आणि किटचं पाकीट, तारखेसह, सोबत जोडायचं. एका ठिकाणी हे मागितल्यावर समोरचा म्हणाला, "साहेब, विश्वास नाही का?" मी रेग्युलेटर उचलला आणि दुसरीकडे गेलो. सध्याचा माणूस हे तिन्ही न मागता देतो, वर पिस्टनची ओ-रिंग कुठं झिजली होती ते बोटानं दाखवतो. मी ती जुनी ओ-रिंग मामांसाठी घेऊन येतो. ते भिंगाखाली धरून तिची चपटी झालेली बाजू बघतात आणि पुढची सर्व्हिस लवकर करायला सांगायची की उशिरा, यावर आमचा जेवणाच्या सुट्टीत वाद होतो.